बस्ता कुठे बांधायचा?

आमच्या घरात मागच्या महिन्यात एक वाद झाला. वाद म्हणजे भांडण नव्हे. पण दोन रात्री तो जेवणाच्या ताटावर चालला आणि तिसऱ्या दिवशी फोनवरून अकोल्याला पोहोचला. पुतणीचे लग्न ठरले आहे. मुलगा अकोल्याचा, आम्ही अमरावतीचे. प्रश्न एवढाच, की बस्ता कुठे बांधायचा?

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची एकठोक खरेदी. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत आणि आत्याच्या लुगड्यापासून वाजंत्र्याच्या उपरण्यापर्यंत सारे एका दुकानात, एका बैठकीत घ्यायचे. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसे जातात, त्यातली दोन खरेदी करतात आणि बाकीची मते देतात. दुकानदार चहा पाजतो. शेवटी गठ्ठे बांधले जातात, त्यांना हळद-कुंकू लागते, आणि मग सगळे जेवायला जातात. आमच्या वऱ्हाडात बस्ता झाला म्हणजे अर्धे लग्न झाले, असे मानतात.

वहिनीचे म्हणणे, अमरावतीसारखे कापड दुसरीकडे नाही. जवाहर गेटच्या आतले दुकान आपल्या तीन पिढ्यांचे. आणि ठोक भाव हवा असेल तर नागपूर रोडवर नांदगाव पेठेकडे कापडाची मोठमोठी व्यापारी संकुले उभी आहेत, तिथे बाहेरच्या जिल्ह्यांतले दुकानदार माल भरायला येतात. व्याह्यांचे म्हणणे, अकोल्यात व्यापारी खरा. भाव तुटतो आणि माणूस शब्द पाळतो. मी दोन्ही गावांत नोकरी केलेली, म्हणून पंच नेमला गेलो. पंचाचे मत कोणीच विचारत नाही, हे मला बँकेतल्या चौतीस वर्षांनी शिकवलेच होते. शेवटी तोडगा निघाला तो असा, की नवरीकडचे अमरावतीला, नवरदेवाकडचे अकोल्याला. दोन बस्ते, दोन जेवणे. यात अर्थव्यवस्था कुठे बसते ते मला विचारू नका.

या दोन गावांत अंतर शंभर किलोमीटरचे, पण स्वभावात ते जास्त आहे. अमरावती विभागाचे ठिकाण. कचेऱ्या, महाविद्यालये, १९८३ पासून विद्यापीठ आणि त्याच वर्षापासून महानगरपालिका. इथला माणूस पगाराच्या तारखेवर चालतो. अकोला बाजाराच्या तेजी-मंदीवर चालते. कापूस, तूर, सरकी, डाळमिल, तेलगिरणी हे त्याचे पंचांग. अमरावतीत संध्याकाळी दोन माणसे भेटली की बदल्या आणि निकाल यांवर बोलतात. अकोल्यात भेटली की ‘आज काय भाव निघाला?’ हे आधी. मी अकोल्याला बदलून गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने मला विचारले होते, “सायेब, तुमी अमरावतीचे नं? मंग तुमाले हिशोबापेक्षा भाषणच जास्त आवडत असन!”

दोन्ही गावे मात्र मोठी झाली ती एकाच पांढऱ्या सोन्यावर. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. त्याच दशकात आगगाडी आली. अमरावतीच्या परकोटाबाहेर आणि अकोल्यात मोर्णेच्या काठी पेठा वाढल्या. आज जिथे आपण साड्या उलगडून पाहतो, तिथे आधी कापसाच्या गाठी मोजल्या गेल्या आहेत.

म्हणूनच इथल्या बाजाराची नाडी अजून शेतात आहे. शोरूमला काचा लागल्या, लिफ्ट लागली, तरी मालक पंचांगापेक्षा पावसाकडे पाहतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा दोन्ही गावांतल्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नंतर भाव उतरला आणि गिऱ्हाईकही उतरले. सोयाबीनने कापसाची निम्मी जागा घेतली आहे, पण ‘माल विकला की मग पाहू’ हे वाक्य तेच आहे.

इथे एक जुनी आठवण सांगतो. १९८६ ची गोष्ट. मी अकोल्याला होतो. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस. शेतकऱ्याने कापूस सरकारला द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसायचे. अकोट तालुक्यातला एक शेतकरी माझ्या टेबलापुढे उभा राहिला. मुलीचे लग्न तेरा दिवसांवर, आणि चुकाऱ्याचा चेक वटायचा होता. “सायेब, बस्ता बांधाले माणसं दुकानात बसून आहेत. कागद तं हाये माह्याजवळ, पैसे काहून नाईत?” या प्रश्नाला बँकेच्या पुस्तकात उत्तर होते, पण ते त्याच्या उपयोगाचे नव्हते. थोड्या वेळाने त्या कापड दुकानाच्या सेठजींचा फोन आला. “साहेब, माणूस खरा आहे का?” मी म्हटले, “माणूस मी आजच पाहिला. चेक मात्र खरा आहे.” सेठजींनी बस्ता बांधून दिला. अकराव्या दिवशी चेक वटला, बाराव्या दिवशी पैसे पोहोचले. माझे बोलणे कोणत्याच परिपत्रकात बसणारे नव्हते, आणि वरिष्ठांना कळले असते तर खुलासा मागितला गेला असता. आता निवृत्त झालो, म्हणून सांगायला हरकत नाही.

त्या सेठजींच्या दुकानात मी पुढे बरेचदा गेलो. पांढऱ्याशुभ्र गाद्या, मागे तक्के. सेठजी गादीवर, गिऱ्हाईक गादीवर, आणि साडी उलगडून दाखवणारा नोकर, तोही गादीवरच मांडी घालून. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता खाण्याकडे वळू. बस्ता बांधून झाल्यावर वळावेच लागते.

अमरावतीने पाहुण्याला गिला वडा खायला घालावा असा इथला अलिखित नियम आहे. उडदाच्या डाळीचा वडा, त्यावर दही आणि चटणी. गिला म्हणजे ओला, एवढेच. पण दहीवड्याला गिला वडा म्हटले तर खरा अमरावतीकर तुमच्याकडे दयेने पाहील. अकोल्याने या बाबतीत फार अभिमान धरू नये. त्याची खरी ऐट पन्नास किलोमीटरच्या आतल्या शेगावच्या कचोरीवर चालते. मुंबईहून येणाऱ्या गाडीत शेगाव आले की अकोल्याचा माणूस उतरायच्या तयारीत असतानाही आधी कचोरी घेतो. घरी पोहोचेपर्यंत पुडक्याचा कागद तेलाने पारदर्शक झालेला असतो आणि घरच्यांना त्यातूनच मोजता येते, किती आणल्या आणि वाटेत किती संपल्या.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्याची आपल्याकडे भाषेने फसगत होते ती खाण्यातच. गाडीवाला विचारतो, “सांबार टाकू का?” पाहुणा म्हणतो, “हो, पण इडली कुठे आहे?” आपला सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्याला कळेपर्यंत प्लेट पुढे आलेली असते. पाणीपुरीला गुपचूप म्हणतात आणि चहाच्या टपरीला कॅन्टीन. एकदा आमच्या बँकेचे मुंबईचे निरीक्षक ‘कॅन्टीनमध्ये चहा घेऊ’ म्हटल्यावर इमारतीचा जिना चढायला लागले होते. कॅन्टीन रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली होते.

मी एकटा होतो त्या दिवसांत खानावळीत जेवलो. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. रविवारी पाटोडीचा रस्सा. खानावळवाल्या मावशी ताटात भाकर टाकताना विचारत, “पोट भरलं का बाप्पा?” आणि उत्तराची वाट न पाहता अजून एक टाकत. तेव्हा बाहेर जेवणे ही चैन नव्हती, अडचण होती. कुटुंबवत्सल माणूस हॉटेलात दिसला तर लोक विचारत, “काहून, वहिनी माहेरी गेल्या काय?” आज बडनेरा रोडवर किंवा मूर्तिजापूरकडच्या धाब्यांवर रविवारी रात्री जा, आजी-आजोबांसह अख्खी घरे बसलेली दिसतात. आणि मागवतात काय? शेवभाजी, ठेचा, भाकरी, रोडगे. जे रोडगे नवसाच्या पंगतीत, वावरात, गोवऱ्यांच्या आरावर भाजले जायचे, ते आता मेनूकार्डावर आले. चव तीच नाही असे माझे मत. पण घरच्या बाईला रविवारी रात्री चुलीपासून सुटका मिळाली. तेव्हा चवीची तक्रार पुरुषांनी जरा बेताने करावी.

रात्रीचे जीवन म्हणतात ते आपल्याकडे होते का? होते, फक्त त्याला नाव नव्हते. ते टॉकीजचे होते. अमरावती हे एकेकाळी सी. पी.-बेरार सर्किटच्या चित्रपट वितरणाचे ठाणे. वितरकांच्या कचेऱ्या या गावात होत्या. गावाने टॉकीजचा मान असा राखला, की चौकांना त्यांचीच नावे पडली. चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक, सरोज चौक. ज्या पोराने या टॉकीजमध्ये एकही सिनेमा पाहिला नाही, तोही ऑटोवाल्याला पत्ता सांगताना तीच नावे घेतो. अकोल्यात माणेक टॉकीजचा शेवटचा खेळ सुटला की टिळक रोडवर सायकलींची जत्रा लोटायची. मग पानठेला. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातले पान, चुना, कात, आणि पिक्चरवर अर्धा तास चर्चा. उन्हाळ्यात तर अकोल्याची संध्याकाळ रात्री नवाला सुरू होते. दिवसभर पंचेचाळीस अंशांत कूलरपुढे बसलेले गाव तेव्हा कुठे रसवंतीवर आणि कुल्फीवर उतरते. त्याला हौस म्हणणे चुकीचे आहे, तो हवामानाचा हुकूम आहे.

या दोन गावांच्या काही रात्री तर ठरलेल्याच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची अकोल्याची रात्र पाहा. रविवारी हजारो तरुण गांधीग्रामला पूर्णेवर जातात, भरणे भरतात आणि रात्रभर कावडी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराकडे येतात. रस्ताभर कोणी चहा देतो, कोणी केळी, कोणी पायाला तेल. अमरावतीला नवरात्रात अंबादेवी आणि एकवीरा देवीच्या वाटेवर बांगड्या, खेळणी, पितळी भांडी यांचा बाजार उशिरापर्यंत जागा असतो. याच अंबादेवीच्या दारी १९२७ मध्ये अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रहाची चळवळ झाली, हे त्या गर्दीतल्या तरुणांना ठाऊक असायला हवे. आज जी रात्र सगळ्यांची वाटते ती आधीपासून सगळ्यांची नव्हती. रमजानमध्ये अमरावतीचा इतवारा आणि अकोल्याचा मोहम्मद अली रोड पहाटेपर्यंत तव्यांच्या आवाजाने जागा राहतो, आणि तिथे खायला जाणारे सारे रोजेदार असतात असे मुळीच नाही.

ही रात्र फार नाजूक वस्तू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात उसळली ती सुरुवातीला आमच्याच अमरावतीत, आणि टाळेबंदीही इथेच आधी परतली. तो आजार होता, इलाज नव्हता. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच. जाळपोळ करणाऱ्याला रात्री किती जण घरी उपाशी गेले याचा हिशोब कोणी मागत नाही. बँकेतल्या माणसाला तो दिसतो. हातगाडीवाल्याचे कर्ज साप्ताहिक हप्त्याचे असते. चार दिवस गाडी उभी, की हप्ता जातो आणि पाचव्या दिवशी तो सावकाराकडे जातो. २०२० च्या स्वनिधी योजनेत दहा हजारांचे पहिले कर्ज घेतलेले कितीतरी फेरीवाले या दोन गावांत आहेत. दहा हजार म्हणजे काय, ते ज्याने आयुष्यभर मोठ्या खात्यांवर सह्या केल्या त्याला समजायला वेळ लागतो. मलाही लागला.

आता दिवस बदलले. जो राष्ट्रीय महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता, त्याच्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना असा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्यावर विमान उतरते. कॅफे निघाले, तिथे एका कॉफीला आमच्या खानावळीच्या आठवडाभराच्या जेवणाएवढे पैसे पडतात, आणि पोरे-पोरी तासन्‌तास गप्पा मारत बसतात. बसू द्या. आम्ही पुलाच्या कठड्यावर बसत होतो, त्यांना खुर्ची मिळाली. आणि मुली उघडपणे बसतात, ही त्यातली मोठीच प्रगती.

खुर्चीचा विषय निघाला, तर आता खऱ्या मुद्द्याकडे येतो.

त्या रविवारी आम्ही चौदा जण अमरावतीच्या एका मोठ्या दुकानात बस्त्यासाठी गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. असे एकच दुकान असते तर सांगितले असते. सकाळी अकराला बसलो ते दुपारी साडेचारला उठलो. आमच्यासाठी गुबगुबीत आसने होती. काउंटरपलीकडे विशीतली एक मुलगी साड्या दाखवत होती. दीडशेतरी साड्या तिने उलगडल्या असतील. एकाही वेळी कपाळाला आठी नाही. तीनच्या सुमारास माझ्या लक्षात आले, की ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते आहे. आमच्या सौ.च्या ते आधीच लक्षात आले असावे. ती म्हणाली, “बस ना गं पोरी जराशी. आम्हाला घाई नाही.” मुलीने आधी गल्ल्याकडे पाहिले, मग हसून म्हणाली, “नाही काकू, सवय आहे.” बसायला तिथे काही नव्हतेच. कॅमेरा मात्र होता.

परत निघताना सौ.ने तिला विचारले. मुलगी बडनेऱ्याची. सकाळी दहाला येते, रात्री नऊ वाजता सुटते, लग्नसराईत साडेनऊ. जेवणाचा अर्धा तास. बाथरूम मागच्या बाजूला, गोदामातून जावे लागते, “म्हणून पाणी कमी पिते.” हे तिने तक्रार म्हणून नव्हे, दुकानाची माहिती द्यावी तसे सांगितले.

मला तेव्हा अकोल्याच्या त्या सेठजींची गादी आठवली. सेठजी दयाळू होते आणि आजचा मालक निर्दय आहे, असे मला म्हणायचे नाही. नोकर तेव्हाही गरीबच होता, पगार तेव्हाही तोकडाच होता. पण दुकानाची रचनाच अशी होती, की साडी दाखवायची तर बसावे लागे. गादी गेली, काउंटर आला, आणि त्या बदलात नोकर उभा झाला. तो उभा झाला हे कोणी ठरवलेसुद्धा नाही. आणि उभ्याने राबणारा तो आता बहुधा ती आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने डिसेंबर २०१७ पासून दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्ट केली. बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी, असे त्यात आहे. पण दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांना या कायद्याने बहुतेक तरतुदींतून मोकळे केले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायचे आणि रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायचे मंजूर केले. आपल्या गावांतल्या किती दुकानांत वीस माणसे असतात, ते वाचकांनीच येत्या रविवारी मोजावे.

केरळात हा प्रश्न रस्त्यावर आला होता. कोळिकोडला मिठाई तेरुवु नावाची एक गजबजलेली बाजारगल्ली आहे, आपल्या जवाहर रोडसारखी. तिथे विजी पेनकूट्टू नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या मुलींना एकत्र केले. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, दुसरी बसण्याची. वर्षानुवर्षे हसे झाल्यावर २०१८ मध्ये केरळने कायदा दुरुस्त करून दुकानात बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. तिथे साड्या कमी खपल्याचे काही ऐकिवात नाही. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याचा उल्लेख आहे. मात्र छोट्या दुकानापर्यंत तो उल्लेख कोण घेऊन जाणार?

व्यापारी मित्रांना मी ओळखतो, निम्म्यांची तर खाती मी उघडली आहेत. त्यांचे उत्तर मला पाठ आहे. “साहेब, गिऱ्हाईक आल्यावर पोरगी बसलेली दिसली तर बरं दिसतं का?” एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मी स्वतः चौतीस वर्षे खुर्चीवर बसलो आणि ज्यांचे पैसे सांभाळायचे ते लोक माझ्यापुढे उभे राहिले. अकोटचा तो शेतकरीही उभाच होता. मला ते कधी वाईट दिसले नाही. तेव्हा ‘बरे दिसणे’ हा सवयीचा भाग आहे. एका स्टुलाची किंमत एका बऱ्या साडीपेक्षा कमी आहे. स्वच्छतागृहाला थोडी जास्त. व्यापारी संघटनांना दिवाळीत रोषणाईच्या वर्गणीला वेळ लागत नाही, मग बाजारातल्या बायकांसाठी दर चौकात एक स्वच्छतागृह उभारायला महापालिकेकडेच का बोट दाखवायचे? आणि महापालिकांनीही रात्रीचा बाजार फुलवण्याची भाषा करण्याआधी नवाच्या पुढे राजकमल चौकातून बडनेऱ्याला आणि अकोल्यात गांधी रोडवरून जुन्या शहरात एकटी मुलगी कशाने जाते, ते एकदा उभे राहून पाहावे.

आम्ही पाहिले. बस्त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सौ.ला एक साडी बदलून आणायची होती. दुकान बंद व्हायच्या वेळेला गेलो, साडी बदलली आणि राजकमल चौकात गिला वडा खायला थांबलो. पावणेदहाला तीच मुलगी आणखी दोघींबरोबर बडनेऱ्याच्या ऑटोची वाट पाहत होती. ऑटो समोर उभा होता, पण सीट भरल्याशिवाय निघत नव्हता. सौ.ने तिघींना बोलावून वडे खायला घातले. खाताना ती मुलगी बाकड्यावर टेकली, आणि पहिल्यांदाच पाय लांब करून म्हणाली, “मावशी, तुमची ती मोरपंखी साडी भारी होती बरं का. मी असते तं तीच घेतली असती.” आम्ही ती साडी बदलून आलो होतो. सौ.ने मला दुसऱ्या दिवशी परत पाठवले.

येत्या रविवारी अकोल्याचा बस्ता आहे. सौ.ने ठरवले आहे, की आपण बसण्याआधी विचारायचे, दाखवणाऱ्या मुली कुठे बसतात. व्याह्यांना मी हे फोनवर आधीच सांगून ठेवले आहे. नाहीतर त्यांना वाटायचे, साड्यांवरूनच काही बिनसले.